न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

रफूवाल्या बाईंना जन्मात एकदाच टाळी मिळाली, आणि तीही चुकून.

तेव्हा त्या विशीत होत्या आणि एका फिरत्या नाटक कंपनीच्या कपडेपटात काम करत होत्या. तिसऱ्या अंकाच्या आधी राजाची शाल खिळ्याला अडकली आणि खांद्यापासून थेट खालपर्यंत टरकली. राजा सिंहासनावर बसलेला, बाई सिंहासनामागे गुडघे टेकून शाल सांधतायत, आणि तेवढ्यात पडदा ओढणाऱ्यानं घाई केली. पडदा वर गेला. समोर हजारभर माणसं. बाईंच्या हातात सुई, सुईत दोरा, दोरा राजाच्या पाठीला. त्यांनी शांतपणे दोरा दातानं तोडला, राजाला वाकून मुजरा केला आणि दासीसारख्या पाठ न दाखवता विंगेत गेल्या. प्रेक्षकांना वाटलं, काय सुंदर प्रवेश बसवलाय! टाळ्यांचा कडकडाट झाला.

नाटक संपल्यावर मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, आमचं काम दिसण्याचं आणि तुझं न दिसण्याचं. ज्या दिवशी तू दिसलीस, त्या दिवशी आमचं सगळं खोटं ठरलं."

बाईंनी हे वाक्य गाठीला बांधलं. कंपनी बुडाली, मालक गेले, राजे, दास्या सगळे पोटापाण्याला लागले. बाई मात्र त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षं कुणाला दिसल्या नाहीत.

बसायच्या एका लॉन्ड्रीत. दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला मोठी खिडकी होती, तिच्याशी एक बुटकं टेबल. टेबलावर कान तुटलेला कप आणि त्यात सुया, शेजारी गुळगुळीत झालेलं लाकडी अंडं, ज्यावर फाटलेलं कापड ताणून धरायचं. गळ्यात सुतळीनं बांधलेलं भिंग. खिडकीतून दिवसभर सारखा, मऊ उजेड यायचा; ऊन कधी थेट पडायचं नाही. रफू करणाऱ्याला असा उजेड म्हणजे गवयाला तंबोरा. दिव्याखाली काळ्याचा निळा दिसतो आणि निळ्याचा काळा.

बाईंची एक रीत होती. बाजारातला दोरा त्या कधी वापरत नसत. ज्या कपड्याला भोक पडलंय, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा उसवून काढायचा आणि त्यानंच भोक विणून टाकायचं, आडवा-उभा, मूळ विणीसारखं. रंग तोच, झीज तीच, वयही तेच. "चोरीचा माल त्याच घरातला आणि त्याच घरात," असं त्या म्हणायच्या. काम झालं की गिऱ्हाईक कपडा उजेडाला धरून भोक शोधायचं. सापडलं नाही की हसायचं. तेवढीच बाईंची टाळी.

पण अलीकडे ते हसू दिवसाकाठी एखादंच राहिलं होतं. माणसं फाटलेलं सांधत नाहीत, टाकून देतात. अशात एका सकाळी लॉन्ड्रीवाल्यानं टेबलाशी येऊन उगीचच खिडकीची काच पुसली. बाईंनी ओळखलं, याला काहीतरी बोलायचंय.

"ताई, इस्त्रीचं मोठं मशीन घेतोय," तो म्हणाला. "त्याला जागा लागेल."

"कुठली?"

त्यानं काच आणखी पुसली. मागच्या बाजूला, बॉयलरच्या शेजारी बसायची सोय करून देतो, पंखाही लावतो, असं तो सांगत राहिला. तिथे खिडकी नव्हती. बाईंनी एवढंच विचारलं की मशीन कधी येणार. महिनाअखेर, तो म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, की पूर्वीसारखी गर्दी असती तर गोष्ट वेगळी होती. रफूला आलेलं गिऱ्हाईक धुवायलाही कपडे टाकायचं. आता या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नाही. गर्दी झाली तर मशीन तो दुसरीकडे ठेवील. न ठेवून सांगतो कुणाला!

बाई रागावल्या नाहीत. रागवायलाही ताकद लागते. संध्याकाळी घरी आल्या, चपला काढल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. सुनेनं पाणी आणून दिलं, ते पिऊनही त्या उठल्या नाहीत, तेव्हा सुनेनं खोदून खोदून विचारलं आणि सगळं बाहेर आलं.

मुलगा दूर नोकरीला होता. तीन-चार महिन्यांनी यायचा. घरात या दोघीच. सून मोठी उत्साही. जगात असं कुठलंही दुखणं नाही की ज्याच्यावर कुठला ना कुठला वर्ग नाही, अशी तिची श्रद्धा होती. तिनं छोट्या व्यावसायिकांसाठीचा ऑनलाइन मार्केटिंगचा फुकट वर्ग शोधला, बारा तासांचा, आणि वहीत लिहून काढला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं : दिसाल तर विकाल.

बाईंनी ते भिंगातून वाचलं. "हे तर आमच्या मालकांच्या बरोबर उलट झालं," त्या म्हणाल्या.

"मालक जाऊन किती वर्षं झाली, आई?"

"तीसेक."

"मग आता माझं ऐका."

ऐकलं. दुसरं करणार काय? सुनेनं दुकानाचं पान काढलं, नकाशावर ठिकाण टाकलं, वेळा लिहिल्या. मग उत्तम झालेल्या रफूंचे सहा फोटो टाकले. लोकांनी पाहिले, आणि खाली एकानं विचारलं, यात काय आहे? दुसऱ्यानं लिहिलं, साधं कापड दिसतंय. तिसऱ्यानं तर कापडाचा भाव विचारला. सून हिरमुसली. बाई मात्र कधी नव्हे त्या पोटभर हसल्या. चाळीस वर्षांत एवढी मोठी पावती त्यांना कुणी दिली नव्हती.

मग सुनेनं रील केला. बाईंच्या हातांचा. तीन तासांचं काम अर्ध्या मिनिटात पळवलं. बोटं अशी नाचत होती की जणू मुंगीच्या अंगात आलंय. तो बऱ्याच जणांना आवडला. चार जण दुकानातही आले. चौघांनीही उभ्या उभ्या विचारलं, "पाच मिनिटांत होईल ना?" परवा या म्हटल्यावर चौघंही निघून गेले.

वहीत पुढे लिहिलं होतं की समाधानी गिऱ्हाइकांकडून चार चांगले शब्द लिहून घ्या, नावासकट. नवा माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, दुसऱ्या माणसावर ठेवतो. हे बाईंनाही पटलं. त्यांनी आठवून आठवून वीस जुन्या गिऱ्हाइकांची नावं दिली आणि सून फोन करायला बसली. तिथे खरी गंमत झाली. एक बाई कुजबुजत म्हणाली, ती शाल जळली होती हे सासूला अजून माहीत नाही, तेव्हा मला माफ कर. एकानं नवरदेवाचा सूट भाड्यानं आणून फाडला होता आणि सांधून परत दिला होता. तो म्हणाला, मी तुमच्याकडे कधी आलोच नाही असं समजा. मोठ्या रस्त्यावरचा कापड दुकानदार तर दुकानातून उठून घरी आला आणि त्यानं सुनेपुढे हातच जोडले. गठ्ठ्यात फाटून आलेला माल बाईंकडून नीट करून तो नवा म्हणून विकत आला होता. लॉन्ड्रीवाल्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या इस्त्रीखाली करपलेले किती शर्ट बाईंनी गुपचूप जिवंत केले होते ते दोघांनाच ठाऊक.

विसातून एकानंही लिहिलं नाही. सून वही मिटून म्हणाली, "आई, तुमचा धंदाच असा आहे की ज्याचं भलं झालं तो बोलू शकत नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बाई म्हणाल्या. "ती झाकून ठेवायला माझ्याकडे देतात. उघड म्हटलं तर कशी उघडतील?"

महिन्याचे पंधरा दिवस उरले होते.

त्या आठवड्यात मास्तरांचा कोट आला. मास्तर जवळच्या शाळेत गणित शिकवायचे. उंच, सडसडीत, मितभाषी माणूस. शाळेत कायम काळपट करड्या कोटात. सगळ्या शाळेची समजूत होती की मास्तरांकडे एकसारखे तीन कोट आहेत, आणि मास्तरांनी ती समजूत कधी मोडली नव्हती. कोट एकच होता. शनिवारी दुपारी बाईंकडे यायचा, सोमवारी सकाळी जायचा. नऊ वर्षांत दहा वेळा आला होता. या खेपेला उजवं कोपर पार गेलं होतं, पंजा आत जाईल एवढं.

बाईंनी दीड दिवस त्याच्यावर घातला. आतल्या पट्टीतून धागे काढले, कॉलरच्या खालून काढले. दुपारी शेवटचा धागा आत वळवून त्यांनी कोट खिडकीशी धरला आणि स्वतःच भोक शोधू लागल्या. सापडेना. असं काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि डोळ्यांची अवस्था बघता पुढे होणार नव्हतं. सून डबा घेऊन आली होती. तिनं आदल्या दिवशी सहज फाटक्या कोपराचा फोटो काढून ठेवला होता. आता सांधलेल्याचा काढला, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले आणि बाईंपुढे फोन धरला.

"टाकू?"

बाई बघत राहिल्या. माणसाच्या मनात काय काय दडून असतं! चाळीस वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या टाळ्या ऐकलेल्या बाईला त्या क्षणी वाटून गेलं की एकदा, फक्त एकदा, पडदा मुद्दाम वर जावा. कोटाला चार काळी बटणं होती आणि एक तपकिरी. ते तपकिरी बटण त्यांनीच लावलेलं, दुसरं मिळालं नव्हतं म्हणून. फोटोत ते कोपऱ्यात दिसत होतं. त्यांना दिसलं.

"कोट कुणाचा ते थोडंच कळतंय?" त्या म्हणाल्या. "टाक."

दोन दिवसांत तो फोटो कुठल्या कुठे गेला. एकानं दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्यानं दहांना. जादू, चमत्कार, हात आहेत की यंत्र, असं लोक लिहीत सुटले. मंगळवारी दुकानात नऊ जण आले, बुधवारी चौदा. लॉन्ड्रीवाला गिऱ्हाइकांना बसायला स्टुलं काढू लागला आणि मशीनसाठी जागा मोजायला काढलेली टेप त्यानं खिशात परत ठेवली. बाई मान वर न करता काम करत होत्या. पाठ दुखत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण खिडकी राहतेय असं वाटू लागलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर आले. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि मास्तर नुसत्या शर्टवर. कोट घडी घालून हातावर घेतलेला.

गिऱ्हाइकं होती तोवर ते भिंतीशी उभे राहिले. सगळी गेल्यावर स्टुलावर बसले आणि कोट टेबलावर ठेवला, तपकिरी बटण वर येईल असा. बाईंच्या हातातली सुई तिथेच थांबली.

मुलं हसली का, असं बाईंनी विचारलं. मास्तर म्हणाले, मुलांचं काही नाही, मुलं हसायचीच. फळ्यावर कोटाचं चित्र काढलं होतं, बरं काढलं होतं.

"माझ्या शेजारी बसणारा सहकारी आहे. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. काल त्यानं आपला जुना कोट पिशवीत घालून आणला. सगळ्यांदेखत नाही दिला, बाजूला बोलावून दिला. फार चांगला मुलगा आहे."



"मला राग नाही आला, बाई. पण मी तुमच्याकडे कशाला येत होतो? रफू काय, मीही घरी करू शकलो असतो. वाकडंतिकडं."

ते उठले. कोट त्यांनी तिथेच ठेवला. तो आता सगळ्यांनी पाहिलाय, एवढंच म्हणाले आणि गेले. काचेतून ते जाताना दिसले, दोन्ही हात काखेत घातलेले.

घरी आल्यावर बाई सुनेला म्हणाल्या की फोटो काढून टाक. सुनेनं वाद घातला नाही असं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माणसं येतायत, ती म्हणाली. नऊ दिवस राहिलेत. आपण बटणाचा भाग कापून परत टाकू. मास्तरांची माफी मागू. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक तुझी नाही, पोरी. तू मला विचारलंस. मला बटण दिसलं होतं."

सुनेनं फोटो काढून टाकला. पण मग जरा वेळानं, घाबरत सांगितलं की ज्यांनी तो आधीच आपापल्या पानांवर नेलाय, तिथून तो निघणार नाही.

"म्हणजे यांच्याकडे पडदा पडतच नाही?" बाईंनी विचारलं.

त्याच रात्री सुनेनं पानावरचे सगळेच फोटो काढून टाकले. त्यांच्या जागी एकच ओळ राहिली, बाईंनी सांगितलेली : इथे आलेल्या कपड्याचा फोटो काढला जात नाही आणि तो कुणाचा, कुठे फाटला, हे कुणाला सांगितलं जात नाही. खाली पत्ता आणि वेळ. वर्गातल्या वहीत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माणसं कमी झाली. शनिवारी पाच, सोमवारी दोन, मंगळवारी एक, आणि तोही पत्ता चुकून आलेला. लॉन्ड्रीवाल्यानं टेप पुन्हा बाहेर काढली आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत मोजलं. मोजताना बाईंकडे बघत नव्हता. मास्तरांचा कोट टेबलामागच्या खुंटीवर लटकत होता. बाईंनी मागच्या जागेत जाऊन बसून पाहिलं. बॉयलर घुर्र करत होता, डोक्यावर पिवळा दिवा. त्यांनी एक काळा धागा आणि एक निळा धागा हातात धरून ओळखायचा प्रयत्न केला. मग दोन्ही कपात टाकून दिले.

महिना संपायला दोन दिवस असताना सून धावत दुकानात आली. धावत म्हणजे खरोखरच. एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात दुसरीच. तिनं फोन बाईंपुढे धरला आणि मग, त्यांना वाचायला वेळ लागेल म्हणून, स्वतःच वाचायला लागली. पानावर पहिला अभिप्राय आला होता. पूर्ण नाव, शाळेचं नाव, आणि विषय गणित.

"माझ्याकडे एकच कोट आहे. तो अकरा वेळा फाटला. नऊ वर्षांत साधारण पाचशे मुलांनी आणि बावीस शिक्षकांनी तो रोज पाहिला. दहा वेळा कुणालाही काही कळलं नाही. अकराव्या वेळी कळलं ते फोटोमुळे, रफूमुळे नव्हे. तो फोटो आता काढून टाकलेला आहे, आणि कुणाचाही काढणार नाही असं तिथे लिहिलेलं आहे. बाई लिहितात ते करतात. ज्यांचं काही फाटलं असेल आणि कुणाला सांगायचं नसेल, त्यांनी जावं. काम दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये."

सून वाचून थांबली. लॉन्ड्रीवालाही इस्त्री उभी करून ऐकत होता. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि सगळं पुन्हा स्वतः वाचलं, एकेक अक्षर. मास्तरांची मूठ मास्तरांनीच उघडली होती. ती उघडायला भाग पाडलं ते आपण, हे बाईंना कळत होतं, आणि म्हणून आनंद नीट होईना.

दुसऱ्या दिवशी सहा जण आले. सहाही जणांनी पिशव्या घट्ट धरल्या होत्या आणि आधी आजूबाजूला पाहून घेतलं. एका बाईनं विचारलं, फोटो नाही ना काढत? त्यानंतर रोज चार, सहा, कधी आठ. फार नाहीत. पण येणारी माणसं परवा या म्हटलं तर परवा येत.

मशीन ठरल्या दिवशी आलं. लॉन्ड्रीवाल्यानं ते दोन जणांच्या मदतीनं आत ओढलं, खिडकीपर्यंत नेलं, तिथे पाचेक मिनिटं कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि मग स्वतःचं काउंटर बाजूला सारून तिथे बसवलं. त्यामुळे त्याला आता गिऱ्हाइकांशी दारात उभं राहूनच बोलावं लागतं. बाई काही बोलायच्या आत तो म्हणाला, "खिडकी तुमची, ताई. फक्त त्या पानावर माझ्या शर्टांबद्दल काही येऊ देऊ नका."

मास्तर आले ते पुढच्या शनिवारी. अंगात दुसराच कोट होता, सहकाऱ्यानं दिलेला. बाह्या आखूड पडत होत्या, मनगटं बाहेर. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. माझा कोट आहे ना, म्हणाले. खिशाजवळ थोडं उसवलंय, आधी लक्षात आलं नव्हतं.

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. आठवडाभर त्या मनातल्या मनात संवाद पाठ करत होत्या, पण ऐन वेळी एकही ओठावर येईना. त्या म्हणाल्या, "मास्तर, मी चुकले."

"हो," मास्तर म्हणाले.

मग बाईंनीच विचारलं, की आता तुम्ही सगळ्यांना सांगितलंच आहे, तर हा खिसा साध्या दोऱ्यानं लवकर करून देऊ का? दिसेल थोडं.

"नको," मास्तर म्हणाले. "मी सांगितलं, ते माझं. तुम्ही दाखवायचं नाही, ते तुमचं. सोमवारी येतो."

ते गेल्यावर बाईंनी कोट खुंटीवरून काढला आणि आतली बाजू बाहेर केली. अकरा वेळा धागे काढून काढून पट्टी विरळ झाली होती. कॉलरच्या खालीही फारसं काही शिल्लक नव्हतं. त्यांनी भिंग लावलं. बाहीच्या अगदी टोकाला, दुमडीच्या आत, दोन बोटं जागा अजून भरीव होती. तिथून त्या पहिला धागा ओढू लागल्या, हळूहळू, तुटू नये म्हणून श्वास रोखून.